सणाचा स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा तर

सणाच्या रात्री मित्रमंडळींना जेवायला बोलवायचं म्हटलं की बहुतेक घरांत दोनच पद्धती दिसतात. एकीत यजमान आदल्या दिवसापासून राबतो आणि पाहुणे येईपर्यंत थकून गेलेला असतो. दुसरीत प्रत्येक जण घरून डबा आणतो, डबे टेबलावर उघडतात आणि अर्ध्या तासात जेवणं उरकतात. मला तिसरी पद्धत मनापासून आवडते. सगळ्यांनी हात हलवत यायचं, एकाच स्वयंपाकघरात मिळून रांधायचं आणि मग जेवायला बसायचं. यात खरा कार्यक्रम जेवणाआधीच्या दोन-अडीच तासांत होतो. शेजारी बसून मटार सोलताना माणसं जे बोलतात, ते दिवाणखान्यात समोरासमोर बसून कधीच बोलत नाहीत. नव्याने आलेला माणूसही हातात काम असलं की पाच मिनिटांत मोकळा होतो.

माझ्याकडे दर वर्षी सणाला दहाएक जण असे जमतात. या बाबतीत दोन गोष्टींवर मी ठाम आहे: बेत शेगडीकडे बघून ठरवायचा, आणि यजमानाने स्वतःकडे एकही पदार्थ घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट लवकर पटत नाही. पण विचार करा, घर तुमचं आहे. चाळणी कुठे आहे, मोठं झाकण कुठलं, डावीकडचा बर्नर मंद का होत नाही, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. दर दोन मिनिटांनी कोणी ना कोणी तुम्हाला हाक मारणार. त्या वेळी तुमच्या कढईत कांदा करपत असेल तर ना कांदा नीट होतो ना विचारणाऱ्याला नीट उत्तर मिळतं. यजमानाचं काम म्हणजे भांडी काढून देणं, शेगडी कोणाची कधी ते सांगणं, सिंक रिकामं ठेवणं आणि कोणी एकटं पडलं आहे का ते बघणं. हेच पुरेसं मोठं काम आहे.

आधी बर्नर मोजा

बेत ठरवताना लोक आवडीच्या पदार्थांपासून सुरुवात करतात. तुम्ही बर्नरपासून करा. माझ्याकडे दोन बर्नरची शेगडी, एक इंडक्शन आणि एक लहान ओव्हन आहे, म्हणजे एका वेळी चार जागी उष्णता मिळते. एक कागद घेऊन प्रत्येक पदार्थापुढे लिहा की त्याला बर्नर किती वेळ लागेल आणि झाल्यावर तो किती वेळ थांबू शकेल. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. रस्सा, शिजवलेली कडधान्यं, चटण्या हे पदार्थ तासभर थांबले तर मुरतात आणि उलट छान लागतात. सॅलड, फळं, थंड गोड पदार्थ यांना ऐन वेळी शेगडीच लागत नाही. तळलेलं मात्र झाऱ्यातून थेट ताटात गेलं तरच खरं. असा ताबडतोब खायचा पदार्थ बेतात एकच ठेवा. दोन ठेवले तर दोन माणसं शेवटपर्यंत शेगडीपाशी अडकतात आणि बाकीचे जेवून उठतात. हे मला अजिबात चालत नाही.

दहा जणांना पाच पदार्थ भरपूर होतात: एक मोठ्या पातेल्यातला रस्सेदार, एक ओव्हनमधला, भात, काहीतरी कच्चं आणि एक सगळ्यांनी बसून हाताने करायचा. गोड आधी करून थंड करता येईल असं निवडा. भाताला माणशी ७५ ते १०० ग्रॅम कोरडे तांदूळ धरा. इतर पदार्थ भरपूर असतील तर ७५ पुरतात.

पदार्थ चौपट करताना सगळंच चौपट होत नाही. मोठ्या पातेल्यात वाफ होऊन जाणारं पाणी त्या मानाने कमी असतं, म्हणून भाताला किंवा रश्श्याला पाणी सरळ गुणून घालायचं नाही. थोडं हातचं राखून ठेवायचं आणि लागलं तर गरम पाणी वरून घालायचं. कांद्याचं याच्या उलट. किलोभर कांदा एका कढईत टाकला की त्याला इतकं पाणी सुटतं की तो परतला जाण्याऐवजी उकडतोच, आणि लाल व्हायला घरच्या नेहमीच्या वेळेच्या तिप्पट वेळ लागला तरी नवल नाही. दोन पसरट भांड्यांत वाटून घ्या. ओव्हनमध्ये भाज्या भाजतानाही हेच: तुकडे एका थरात, एकमेकांना न चिकटलेले असावेत, नाहीतर भाजणं राहतं आणि भाज्या मऊ पडतात.

विजेचाही विचार आधीच करा. इंडक्शन पूर्ण आचेवर साधारण २००० वॉट घेतं, इलेक्ट्रिक केटल आणि ओव्हनही थोडेफार त्याच घरातले. ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली तर वायर तापते. प्रत्येकाला भिंतीतला वेगळा सॉकेट द्या आणि केटल लावायची असेल तेव्हा इंडक्शन बंद ठेवा.

काय चालत नाही ते एकेकाला विचारा

ग्रुपवर "कोणाला काही चालत नाही का?" असं विचारलं की निम्मे लोक उत्तर देत नाहीत, कारण आपल्यामुळे इतरांची अडचण नको असं त्यांना वाटतं. प्रत्येकाला वेगळा फोन किंवा मेसेज करा. उत्तरं तीन प्रकारची येतात. आवडत नाही, श्रद्धेने किंवा तत्त्वाने खात नाही, आणि अंगावर येतं. पहिल्याला वाढताना वगळता येतं. दुसऱ्याला वेगळं पातेलं, वेगळी पळी आणि वेगळं तेल लागतं, आणि त्याचा पदार्थ आधी करून बाजूला झाकून ठेवला की पुढची धाकधूक राहत नाही.

तिसऱ्या प्रकाराला कसलीही तडजोड नाही. शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, तीळ, दूध, अंडं, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकडे या पदार्थांची अॅलर्जी सर्वांत जास्त आढळते, आणि शिजवलं म्हणजे धोका गेला असं धरून चालत नाही. शेंगदाण्याच्या कुटातला चमचा दुसऱ्या पातेल्यात गेला तरी पुरतं. सहा हात एकाच ओट्यावर चालत असताना "हा चमचा तिकडे नेऊ नका" हे कोणाच्याही लक्षात राहणार नाही. म्हणून मी त्या माणसासाठी वेगळा पदार्थ करत नाही. ती वस्तूच त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊ देत नाही. बाजारातून आणलेल्या मसाल्याच्या आणि बिस्किटांच्या पाकिटांमागचं बारीक अक्षरातलंही वाचा. आणि मग त्या मैत्रिणीला सांगा, "आज सगळं बिनधास्त खा." तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो तो बघण्यासारखा असतो. एरवी दुसऱ्यांकडे गेल्यावर ती प्रत्येक घासाआधी विचारत असते.

सामान आणि पैसे

सामान एकाच माणसाने एकाच यादीवरून आणावं. "तू टोमॅटो आण, तू कोथिंबीर आण" असं वाटून दिलं की कोथिंबीरवाला ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि सगळं खोळंबतं. खर्च बोलावतानाच सांगा: बिल होईल ते समान वाटायचं, किंवा यंदा माझ्याकडून. जेवणानंतर पैशांचा विषय काढायचा नाही. एखाद्याला सध्या ओढाताण आहे हे माहीत असेल तर त्याचा वाटा चौघांत न बोलता मुरवून टाका.

प्रत्येकाने आणायच्या तीनच वस्तू आहेत: स्वतःची सुरी, शक्य असेल तर चॉपिंग बोर्ड, आणि घरी परत नेण्यासाठी एक रिकामा झाकणाचा डबा. सुरी फडक्यात गुंडाळून आणायला सांगा. कोणत्याही घरात दहा चांगल्या सुऱ्या नसतात, आणि बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त घात करते. तिला जोर लावावा लागतो आणि ती टोमॅटोच्या सालीवरून घसरून थेट बोटावर येते.

जागा लावणं

चिरण्याचं काम ओट्यावरून काढून जेवणाच्या टेबलावर न्या. ओटा फक्त शेगडीवर काम करणाऱ्यांचा. प्रत्येक बोर्डाखाली ओलं करून पिळलेलं फडकं अंथरा, बोर्ड तसूभर हलणार नाही. साल-देठांसाठी टेबलाच्या मधोमध एक मोठं पातेलं ठेवा, म्हणजे कोणाला सारखं उठावं लागत नाही. पाहुणे यायच्या आधी सिंक आणि कचऱ्याचा डबा दोन्ही रिकामे हवेत. सिंकशेजारी एक टब ठेवा आणि खरकटी भांडी त्यात जाऊ द्या. सिंक तुंबलं की हात धुणं थांबतं, आणि मग सगळंच बिघडतं.

मांस किंवा मासे असतील तर त्यांचा कोपरा वेगळा, बोर्ड वेगळा आणि माणूसही एकच. त्याने सॅलडला हात लावायचा नाही. कच्चं चिकन नळाखाली धुवू नका. शिंतोडे उडून जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात, आणि ते शिजवण्यानेच मरतात, धुण्याने नाही. थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस आलं की चिकन झालं समजा. ते झाल्यावर त्या माणसाने साबणाने २० सेकंद हात चोळून धुवायचे, बोर्ड आणि सुरीही धुवायची, आणि मगच इतरांत मिसळायचं.

कामं वाटणं

आल्या-आल्या "मी काय करू?" हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर तयार ठेवा. "बघ काहीतरी" असं म्हटलं की माणूस दाराशी हातात ग्लास घेऊन उभा राहतो आणि शेवटपर्यंत तिथेच राहतो. मी कामं जोड्यांनी वाटते. सवयीच्या हाताबरोबर एक नवखा हात. एकमेकांना फारसे न ओळखणारे दोघे एका जोडीत टाकायलाही मला आवडतं. अर्ध्या तासात त्यांचं गोत्र जुळलेलं असतं.

काम सांगताना तोंडाने कमी आणि हाताने जास्त सांगा. "मध्यम फोडी" म्हणजे काय याबद्दल दहा जणांची दहा मतं असतात. पहिला बटाटा तुम्ही चिरा, एक फोड बोर्डाच्या कोपऱ्यात ठेवा आणि म्हणा, "एवढ्या." ती फोड शेवटपर्यंत तिथेच राहू द्या. चिरणारा मधूनमधून तिच्याकडे बघतो आणि फोडी सारख्या होतात. सारख्या झाल्या की शिजतातही एकदम.

गुडघे दुखणाऱ्यांना बसून करायची कामं द्या: निवडणं, सोलणं, सारण भरणं. मुलांना पालेभाजीची पानं खुडायला, लसूण सोलायला, टेबल मांडायला आवडतं. शेगडीपासून मात्र त्यांना लांब ठेवा आणि कढयांचे, पॅनचे दांडे नेहमी आतल्या बाजूला वळवून ठेवा. ज्याला स्वयंपाकाचा कंटाळा आहे अशा मित्रालाही बोलवाच. आमच्यातला एक जण वर्षानुवर्षं फक्त भांडी घासतो. स्वयंपाक चालू असतानाच घासतो, त्यामुळे जेवणानंतर ढिगारा उरत नाही. त्याच्या कामाला आमच्यात आचाऱ्याइतकाच मान आहे.

आणि मीठ. मिठाचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात द्या. जाणारा-येणारा प्रत्येक जण रस्सा चाखतो आणि चांगल्या मनाने चिमूटभर घालतो. चार चांगल्या मनांचा रस्सा खाता येत नाही. मीठवाल्याने शिजायला लागल्यावर थोडंच घालावं, कारण रस्सा आटला की खारटपणा वाढतो. उरलेलं गॅस बंद करताना घालावं. चाखताना थोडं वाटीत काढून, निववून, दुसऱ्या स्वच्छ चमच्याने चाखावं. जीभ पोळली की चव कळत नाही.

वेळ उलटी मोजा

आठला बसायचं असेल तर आठपासून मागे या. पावणेआठला तळण सुरू. सव्वासातला भात शेगडीवर, कारण मोठं पातेलं उकळायलाच वेळ घेतं आणि झाल्यावर झाकण ठेवून दहा मिनिटं मुरायला हवं. पावणेसातला ओव्हनमध्ये भाज्या, आणि त्याआधी ओव्हन तापलेला हवा. सव्वासहाला रस्सा शेगडीवर, म्हणजे सातला तो उतरतो आणि भाताला बर्नर मोकळा मिळतो. याचा अर्थ चिरणं साडेपाचला सुरू व्हायला हवं, आणि पाहुण्यांना पाचची वेळ द्यायला हवी. पहिला अर्धा तास गप्पांचाच असतो. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, पदार्थासमोर नावं टाका. मग तुम्हाला ओरडावं लागत नाही, कागदच सांगतो.

गोड आदल्या रात्री दोघा-तिघांनी येऊन केलं तर उत्तम. कडधान्य भिजत घालायचं कामही त्याच वेळी होतं. आणि पाचला आलेल्यांना आल्याबरोबर काहीतरी खायला द्या. साधी फळं, ब्रेड, चीज, काहीही. भुकेली माणसं चिरता-चिरता निम्मं सामान संपवतात आणि चिडचिडही करतात.

हाताने वळायचा पदार्थ

सारण भरून बंद करायचा एखादा पदार्थ बेतात असावाच. तुमच्याकडचा जो असेल तो. संध्याकाळचा सगळ्यांत आनंदाचा वेळ तो असतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

कणीक आल्या-आल्या मळून घ्या आणि ओल्या फडक्याखाली किमान अर्धा तास ठेवा. मळताना ताणली गेलेली कणीक या वेळात सैल पडते. न मुरलेली कणीक लाटली की आक्रसून परत लहान होते आणि नवखा माणूस समजतो की आपलंच चुकतंय. सारण पूर्ण थंड आणि कोरडं हवं. गरम सारणाच्या वाफेने पारी ओली होते आणि तळताना फुटते.

टेबलावर एका टोकाला लाटणारे दोघे, मध्ये भरणारे चौघे, दुसऱ्या टोकाला ताट सांभाळणारा एक. लाटलेल्या पाऱ्या उघड्या पडू देऊ नका, कडा सुकल्या की चिकटत नाहीत. पारी तळहातावर घ्या, मधोमध सारण ठेवा, वाटतं त्यापेक्षा थोडं कमीच. बोट पाण्यात बुडवून अर्ध्या कडेवरून फिरवा, फक्त ओल लागेल इतकंच. दुमडा, आणि कडा दाबण्याआधी सारणाभोवतीची हवा बोटांनी बाहेर ढकला. आत हवा राहिली तर ती तेलात फुगते आणि कड उघडते. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कड दाबत जा. मुरड घालता येत असेल तर घाला, नसेल तर काट्याने दाबलं तरी चालतं.

माणशी सहा धरले तर दहा जणांना साठ लागतात. चौघे बसले तर गप्पा धरून अर्ध्या-पाऊण तासात होतात. प्रत्येकाचा आकार वेगळा येतो आणि ते एकसारखे करायच्या फंदात पडू नका. ताटात आल्यावर "हा कोणाचा?" असं विचारत खाण्यात जी मजा आहे ती साच्यातल्यांत नाही. माझ्या एका मैत्रिणीची आई कड डाव्या हाताने मुरडायची. मैत्रीण उजव्या हाताने जेवते, लिहिते, पण कड मात्र डाव्या हातानेच मुरडते. आमच्या टेबलावर तो तिचा आहे हे सगळ्यांना न विचारता कळतं, आणि मुलं आता तिच्याकडून शिकून तशीच मुरड घालतात.

तळताना कढई निम्म्याहून जास्त भरू नका. पदार्थावर पाण्याचा थेंब नको. एका वेळी फार सोडले तर तेल थंड होतं आणि ते तेलकट होतात. तळणाऱ्याजवळ कढईवर नीट बसेल असं झाकण ठेवाच. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं. पाणी कधीच नाही. जळत्या तेलावर पाणी पडलं की त्याची एकदम वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. तळणारा निम्म्यात बदला, म्हणजे एकाच्याच वाट्याला धूर आणि उभं राहणं येत नाही.

शेवटचा घाणा निघाला की गॅस बंद करा आणि सगळ्यांना एकदम बसवा. वाढप्या कोणी नको. सगळी भांडी मध्ये ठेवा आणि हाताने एकमेकांकडे सरकवा. कोणी "तुम्ही सुरू करा, मी आलेच" म्हणालं तर सुरू करू नका, तिला बोलावून आणा.

उरलेलं

जेवणं झाल्यावर गप्पा रंगतात आणि पातेली तशीच राहतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. भाताकडे विशेष लक्ष द्या. बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून गोड वाढायच्या आधीच दोघांनी उठून उरलेलं काढावं. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये घातलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. पसरट, उथळ डब्यांत काढलं की लवकर निवतं.

लोकांनी आणलेले रिकामे डबे इथे कामाला येतात. प्रत्येक डब्यात थोडं थोडं सगळं भरा आणि झाकणावर चिकटपट्टी लावून नाव टाका. अॅलर्जी असलेल्या मैत्रिणीचा डबा सगळ्यांत आधी, स्वच्छ चमच्याने भरा. लांब जायचं असेल त्याचा डबा तो निघेपर्यंत फ्रिजमध्येच असू द्या, आणि देताना सांगा की घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेव, उद्या खाशील तेवढंच काढ आणि चांगली वाफ येईपर्यंत गरम कर.